त्रेसष्ट रेकॉर्डी, तीन वाटे

शनिवार, १२ ऑक्टोबर १९९१. रक्कम पंधरा हजार रुपये. हजर माणसं चार: मी, माझे वडील, उरणजवळच्या करंज्याचा एक जहाजावर काम करणारा माणूस आणि वांद्र्याहून आलेलं गिऱ्हाईक. माझी पत्नी हजर नव्हती. ती स्वयंपाकघरात होती, म्हणजे तिने आम्हा चौघांपेक्षा जास्त ऐकलं.

व्यवहार असा ठरला, की आमच्या पनवेलच्या फ्लॅटमधल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या, हेवी मेटल नावाच्या संगीताच्या त्रेसष्ट रेकॉर्डी गिऱ्हाइकाने पुढच्या रविवारी, वीस तारखेला, रोख पैसे मोजून घेऊन जायच्या. 'संगीताच्या' हा शब्द माझा. वडिलांनी त्या शब्दाला त्या दिवशीही हरकत घेतली होती.

बँडची नावं देत नाही. लपवण्यासारखं काही नाही. त्यातली निम्मी आम्हाला कधी वाचताच आली नाहीत. कव्हरवर नावाच्या जागी बाभळीची वाळकी फांदी काढलेली असायची आणि ही अक्षरं आहेत असं आपण समजून घ्यायचं. नावाजलेल्या बँडच्या कॅसेट मुंबईत फूटपाथवर मिळायच्या आणि त्या कोणाच्याही पुतण्याकडे असायच्या. आमच्याकडे होते ते असे बँड, की ज्यांना त्यांच्या आळीतही कोणी ओळखत नसावं. दोन-चारशे रेकॉर्डी स्वतःच्या पैशाने छापायच्या, त्यातल्या पन्नास नातेवाइकांना वाटायच्या आणि मग बँड मोडून सगळ्यांनी नोकऱ्या धरायच्या, असा त्यांचा एकंदर क्रम. अशांच्या रेकॉर्डी पनवेलमध्ये जमवणारा मी एकटा होतो. हे मी अभिमानाने सांगत नाही. तालुक्यात स्पर्धाच नसली की पहिला नंबर कोणाचाही येतो.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि तळोज्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होतो. अशा माणसाने नाट्यसंगीत ऐकावं, फार तर जुनी हिंदी गाणी ऐकावीत, अशी समाजाची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. माझं बिघडलं ते सत्याऐंशी साली, आणि तेही वडिलांमुळे.

वडील शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे नाट्यपदांच्या जुन्या रेकॉर्डी होत्या आणि त्या वाजवायला काही नव्हतं. गावात एक मंडप आणि लाऊडस्पीकरवाला होता. लग्नांत कॅसेट वाजू लागल्यावर त्याने त्याचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र विकायला काढलं. वडिलांनी ते स्वतःच्या पेन्शनमधून घेतलं. ते आणायला मी गेलो, तर दुकानात एक दणकट, काळाभोर माणूस हातात नवीकोरी रेकॉर्ड घेऊन उभा होता आणि दुकानदार त्याला हात जोडत होता.

"अरे बाबा, अर्धा मिनिट लावली ना तुझी? माझी सुई जाईल."

"आख्खी नाय लावली," तो माणूस म्हणाला. "आमी हॅम्बुर्गशी आनलीय. घरी मशीन नाय. एकदा तरी ऐकू दे."

दुकानदाराने माझ्याकडे बोट केलं. "मशीन आता यांचं हाय. यांची सुई जाऊ दे."

तो करंज्याचा. घरची पिढ्यान् पिढ्या मासेमारी. हा मात्र मोठ्या व्यापारी जहाजावर इंजिनखात्यात तेलपाणी बघायचा. नऊ-दहा महिने समुद्रावर, दोन-अडीच महिने घरी. इंजिनाच्या खोलीत राहून राहून त्याला बारीक आवाजाचं काही ऐकूच येत नसे, म्हणून त्याला हे संगीत आवडतं, असं माझ्या पत्नीचं म्हणणं. माझ्या बाबतीत तिला अजून कारण सापडलेलं नाही.

मला विचाराल तर कारण सरळ आहे. त्या दिवशी ती रेकॉर्ड आमच्या घरी लागली. पहिला मिनिटभर मला वाटलं, की यंत्र बिघडलेलंच विकलं. मग माझं लक्ष ढोलकडे गेलं. तो माणूस दोन्ही पायांनी ढोल बडवत होता आणि त्या सगळ्या धुमश्चक्रीत त्याचा एक ठोका इकडचा तिकडे होत नव्हता. आमच्या कारखान्यात महिनाअखेरीला असाच गोंधळ असायचा, पण ताळा जुळायचा नाही. इथे जुळत होता. गाणं संपलं तेव्हा मी त्याला म्हणालो, "दुसरी बाजू लाव."

वडील आतून बाहेर आले. त्यांनी कव्हर हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "याचा षड्ज कुठे आहे?"

"काका, शोधतोय," तो म्हणाला.

"सापडला की सांगा. आणि गाणाऱ्याला ज्येष्ठमध द्या. घसा बसलाय त्याचा."

इथून चार वर्षांत त्रेसष्ट रेकॉर्डी झाल्या. परदेशात तेव्हा सीडी आली होती आणि बंदरांवरचे दुकानदार जुन्या रेकॉर्डी खोक्यात भरून दाराबाहेर ठेवत होते. हा त्या खोक्यांत बसायचा, हुडकायचा आणि सामानात चादरींच्या घड्यांमध्ये घालून आणायचा. त्यांचे पैसे मी द्यायचो. त्याच्या घरी यंत्र नव्हतंच, आणि बायकोने येऊही दिलं नसतं. तेव्हा रेकॉर्डी आमच्या कपाटात. मग प्रश्न आला, की या कोणाच्या? मी म्हटलं, लिहून ठेवू. तो म्हणाला, लिहायचं कशाला, बोटीवर चालतं तसं करू.

करंज्याच्या बोटीवर मासळी विकली की आधी डिझेल-बर्फाचा खर्च काढतात आणि उरलेल्याचे वाटे पडतात. खलाशांना वाटा, जाळ्याला वाटा आणि बोटीलाही वाटा. बोट काही माणूस नाही, पण तिच्याशिवाय मासळी नाही, म्हणून तिचा वाटा तिच्या मालकाला. त्या हिशेबाने रेकॉर्डींचे तीन वाटे झाले: आणणाऱ्याचा एक, पैसे घालणाऱ्याचा एक आणि वाजवणाऱ्या यंत्राचा एक. यंत्र म्हणजे आमची बोट. आणि बोटीचे मालक माझे वडील.

"म्हणजे या बोंबाबोंबीत तिसरा हिस्सा माझा?" वडिलांनी विचारलं.

"व्हय काका. बोटवाला तुमी."

मला वाटलं, ते नाकारतील. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण नकार दिला नाही. निवृत्त माणसाला कशाचं तरी मालक व्हायला आवडतं. त्या दिवसापासून ते रेकॉर्डींवर टीका करायचे ती हक्काने. "माझ्या तिसऱ्या हिश्शाची धूळ पुसलेली नाही," असं मला सकाळी चहाच्या वेळी ऐकवायचे.

ऐकायची वेळ रविवारी दुपारी चार ते सहा, अशी सोसायटीशी बोलून ठरवलेली. तळमजल्यावरच्या वहिनी एकदा वर आल्या होत्या, तक्रार करायला नव्हे. पनवेलात तेव्हा पाण्याची बोंब होती. त्या आशेने म्हणाल्या, "बोअर मारताय का हो? पाणी लागलं तर आम्हालाही एक कनेक्शन द्या." पाणी लागणार नाही हे सांगताना मलाच वाईट वाटलं. संध्याकाळकडे व्होल्टेज उतरायचं, यंत्राचा वेग कमी व्हायचा आणि गायक दोन पट्ट्या खाली यायचा. वडील म्हणायचे, आता जरा बरा लागला.

त्रेसष्टांत एक रेकॉर्ड खरी मोलाची. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड गावातल्या चौघांनी तीनशेच छापल्या होत्या आणि प्रत्येकीच्या मागे पेनाने नंबर घातला होता. आमची दोनशे अकरावी. कव्हरवर बोकडाच्या डोक्याचा, माणसाच्या अंगाचा कोणी एक उभा, मागे जाळ. आमच्याकडे येणारे पाहुणे ते पाहून लगेच निघायचे. वडील मात्र म्हणाले, "हा दक्षप्रजापती. यज्ञ मोडला तेव्हा याला बोकडाचं डोकं लावलं. तिकडेसुद्धा पोचलेला दिसतो." त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं नऊ मिनिटांचं होतं. सहाव्या मिनिटाला सगळे थांबतात आणि ढोलवाला एकटा राहतो. करंज्याचा आणि मी, आम्ही दोघं तिथे बोलायचं थांबायचो. आणखी कशावर आमचं कधी एकमत झाल्याचं आठवत नाही.

आता विकायची वेळ का आली ते सांगतो.

एक्याण्णवच्या सप्टेंबरात तो घरी आला तो पडेल चेहऱ्याने. त्याची मुलगी चार वर्षांची झाली होती. दारात त्याला पाहून ती आत पळाली आणि आईला म्हणाली, "तो काका आलाय."

"मना काका बोलते," तो मला म्हणाला. "आनि बायको बोलली, आता मोठ्या बोटीवर गेलास तर पोरीला सांगीन, तुजा बाप फोटोतला हाय."

त्याच्या चुलतभावाच्या मच्छीमार बोटीत एक भागीदार बाहेर पडत होता. ती भागी याने घेतली तर रोज रात्री नाही तरी चार-पाच दिवसांनी घरी. बाकी सगळी रक्कम जमली होती. पाच हजार कमी पडत होते. ते दिवाळीच्या आत भरायचे, नाहीतर भाऊ दुसरा भागीदार बघणार होता. जहाजाच्या एजंटाचंही बोलावणं दिवाळीनंतरचंच होतं. म्हणजे पाच हजार जमले तर मुलीचा बाप, न जमले तर पुन्हा दहा महिने काका. सोनं आधीच गहाण होतं, आणि सासऱ्याकडे तो एकदा जाऊन रिकाम्या हाताने आला होता.

माझ्याकडे पाच हजार नव्हते. फ्लॅटचा हप्ता, वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्याच वर्षी. तेव्हा त्यानेच विषय काढला. रेकॉर्डी विकू. मला नको होतं. त्यालाही नको होतं. पण बोटीवर एकाला बाहेर पडायचं असलं, तर दुसऱ्याने त्याचा वाटा विकत घ्यायचा नाहीतर बोट विकायची, अशी रीत. विकत घ्यायला मी असमर्थ. तेव्हा विकणं आलं.

गिऱ्हाईक कसं मिळालं ते विशेष नाही. मुंबईत अशा लोकांची एकमेकांना खबर असते. तो पोरगा पंचवीसेक वर्षांचा, जाहिरातींच्या धंद्यातला, खांद्यापर्यंत केस आणि ऑक्टोबरच्या उन्हात काळा जाड बनियन. त्याने मला पहिल्याच वाक्यात "अंकल" म्हटलं. माझ्या छत्तीस वर्षांचा तो सगळ्यात मोठा अपमान, पण पंधरा हजारांपुढे गिळला. त्याने एकेक रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून पाहिली. बोकडवाली हातात आल्यावर त्याने मागचा नंबर दोनदा वाचला.

"अंकल, ये आपके पास कैसे? म्हणजे... पनवेलमध्ये?"

"पनवेलला रस्ता आहे," वडील म्हणाले.

भाव त्याने सरळ सांगितला. या एकीचे सहा हजार, बाकी बासष्टांचे नऊ. एकूण पंधरा. प्रत्येक वाट्याला पाच हजार. हिशेब ऐकून करंज्याचा उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिला. रिक्षात बघण्यासारखं काही नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर आम्ही दोघांनी ती नऊ मिनिटं एकदा ऐकली. वडील दाराशी उभे होते. त्यांनी षड्जाची चौकशी केली नाही.

मधल्या आठवड्यात दसरा आला.

आमच्या घरी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढतात. पाटासमोर पुस्तकं, दौत, पेन, मी आणलेली हिशेबाची वही, पत्नीची शिवणाची कात्री, असं ज्याचं ज्याला अन्न मिळतं ते मांडतात. पूजा वडील करतात, आणि मुख्याध्यापकाने करावी तशी करतात. त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होती, पेढे वाटप होतं, म्हणून मी सकाळी आठला बाहेर पडलो आणि साडेबाराला घरी आलो. पाटासमोर झेंडू, आपट्याची पानं, समई. पुस्तकांच्या शेजारी रेकॉर्डचं यंत्र, झाकण उघडं, सुईला गंध. आणि यंत्रावर, कव्हरातून बाहेर काढलेली, दोनशे अकरा नंबरची रेकॉर्ड.

तिच्यावर हळद होती. कुंकू होतं. अंगठ्याने दाबून लावलेलं, आठ ठिकाणी, अष्टदिशांना. अक्षता होत्या. फुलाने पाणी शिंपडलेलं होतं, आणि निरांजनातलं तूप दोन ठिकाणी ओघळलं होतं.

मी म्हणालो, "बाबा."

"बोल."

"ही का?"

"मग कुठली? पूजेत घरातली चांगली वस्तू ठेवतात. सहा हजारांची दुसरी काय वस्तू आहे आपल्या घरात?"

"कव्हरातून काढून?"

"पुस्तकाची पूजा पिशवीत घालून करतो का आपण?" ते शांतपणे म्हणाले. "आणि हे बघ, तिसरा हिस्सा माझा आहे. तुम्ही दोघं त्या दिवशी तिच्यासमोर तेराव्याला बसल्यासारखे बसला होता. म्हटलं, जाते आहे तर आशीर्वाद घेऊन जाऊ दे. चांगल्या घरी पडेल."

मी पुढे झालो. ओलं होतं तोवर मऊ फडक्याने टिपलं असतं तर निभावलं असतं, हे मला कळत होतं. पण पत्नीने मागून हाक मारली.

"अहो, काय करताय? पूजेतलं आज उचलायचं नाही."

"ते वाळतंय."

"वाळू दे. उद्या उत्तरपूजा झाली की उचला. सणाच्या दिवशी मांडलेली पूजा मोडणार का?"

मी देवभोळा नाही. पण घरात बायको आणि वडील एका बाजूला आले, की मी सनातनी होतो. तेव्हा मी त्या दिवशी पुरणपोळी खात, सोनं वाटायला आलेल्यांचे नमस्कार घेत, सहा हजार रुपये वाळताना पाहिले. पाहुण्यांपैकी एका काकूंनी रेकॉर्डला नमस्कार करून तिच्यावर आणखी चिमूटभर कुंकू वाहिलं. त्यांना वाटलं, सुदर्शनचक्र असेल.

दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या पाण्याने, मलमलच्या कपड्याने, जेवढं करता येईल तेवढं केलं. कुंकू बरंच निघालं. हळद निघाली नाही. पत्नी बाजूला उभी होती. ती म्हणाली, "हळद कधी कशाची निघालीय?" हे ती दसऱ्याच्या दुपारी म्हणाली असती तर उपयोग झाला असता. रेकॉर्ड लावून पाहिली. पहिल्या बाजूला अधूनमधून, आणि दुसऱ्या बाजूला सतत, कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज. सहाव्या मिनिटाला ढोलवाला एकटा उरतो, तिथे तर लाह्यांनी त्याला गाठलंच.

माझी अडचण अशी झाली. चार वर्षं मी वडिलांशी, पत्नीशी, तळमजल्याशी भांडत आलो होतो, की हा नुसता गोंगाट नव्हे, यातला प्रत्येक ठोका वेगळा कळतो. आणि आता मला मनापासून वाटत होतं, की निदान एका माणसाला काही कळू नये.

रविवारी करंज्याचा उरणच्या एसटीने नऊलाच आला, बायकोला घेऊन. बायको आली होती ती पैसे घ्यायला. त्याच्या एकट्याच्या हाती दिले तर तो आणखी रेकॉर्डी घेऊन येईल, असा तिचा अंदाज, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. मी आधी त्याला रेकॉर्ड दाखवली. लपवून विकण्यात अर्थ नव्हता, आणि मला ते जमलंही नसतं.

त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. "हलद हाय?"

"हो."

"कोनी?"

"बाबांनी. दसऱ्याला पूजेत ठेवली."

त्याने ती परत कव्हरात घातली. वडील त्यांच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटत नव्हते. त्याच्या बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग पैसं कमी?"

साडेदहाला गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. त्याने बासष्ट रेकॉर्डी मोजून खोक्यांत भरल्या. मग बोकडवाली मागितली. मी दिली. त्याने कव्हरातून काढली आणि दिव्याखाली तिरपी धरून पाहिली. मग म्हणाला, "लावा." लावली. लाह्या फुटू लागल्या. दुसरी बाजूही ऐकली, शेवटच्या गाण्याची पूर्ण नऊ मिनिटं धरून. त्याच्या तोंडावरून मला कळलं, की त्याला प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. एवढा दर्दी माणूस चार वर्षांत आमच्या घरी दुसरा आला नव्हता आणि नेमका त्या दिवशी यायला नको होता.

"अंकल," तो म्हणाला, "तुम्हाला विकायचीच नव्हती तर सरळ सांगायचं. असं कशाला करायचं? ही आता कोणी घेणार नाही. म्हणजे तुमच्याकडेच राहणार. समजलं मला."

हे माझ्या डोक्यात तोवर आलं नव्हतं, पण आता ते बाहेर बोललं गेलं होतं आणि खोलीत सगळ्यांनी ऐकलं होतं. करंज्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग करंज्याच्यानेही पाहिलं. चार वर्षांत त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"ए मुला," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "याला साधा कुंकवाचा टिळा नीट लावता येत नाही. आठ दिशांना सारख्या अंतरावर कोण लावणार? ते माझं काम आहे. वस्तू खराब होते हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, आवाजाला अशाने काय होणार आहे? होता त्याहून वाईट काय होईल?"

गिऱ्हाईक वरमलं. "सॉरी, आजोबा. पण मग नऊच. बाकीचे नऊ हजार."

"नऊच," वडील म्हणाले.

नऊ हजारांचे तीन वाटे म्हणजे तीन-तीन हजार. करंज्याच्याला पाच हवे होते. त्याच्या बायकोने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा वडिलांनी त्याला विचारलं, "तुमच्या बोटीवर जाळं फाडलं कोणी, तर काय करतात?"

"ऱ्हाऊ द्या काका."

"विचारतोय ते सांग."

"मुद्दाम नाय फारलं तर काय नाय करत."

"मी शाळेत तीस वर्षं पोरांची खोटी उत्तरं ऐकली आहेत. खरं सांग."

तो खाली बघत म्हणाला, "ज्यानी जालं फारलं त्याचा त्या दिवसाचा वाटा नाय."

"मग माझा वाटा नाही," वडील म्हणाले. "आता दोनच वाटे. कर हिशेब." हे मला. मला, कारण घरात अकाउंट्सवाला मीच होतो.

"साडेचार-साडेचार," मी म्हणालो.

"म्हणजे पाचशे कमी."

"आणि ही बोकडवाली?" करंज्याच्या बायकोने विचारलं. "ती कोनाची?"

प्रश्न बरोबर होता, आणि तो तिनेच विचारला. बोकडवाली कोणाचीच नव्हती. गिऱ्हाइकाने नाकारलेली, वडिलांनी पूजलेली आणि आम्हा दोघांच्या निम्म्या-निम्म्या वाट्याची. बाजारात तिची किंमत शून्य. त्यातला अर्धा वाटा त्याचा, म्हणजे शून्याचा अर्धा. त्याचे मी पाचशे रुपये देतो, असं मी म्हणालो.

"लाह्या फुटतात त्या रेकॉर्डचे पाचशे?" स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. "अर्धीचे?"

"हो."

"मग तो ढोलवाला एकटा उरतो ते तरी नीट ऐकू येतं का आता?"

चार वर्षांत तिने ते गाणं लक्ष देऊन ऐकलंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "येतं. थोडं कष्टाने."

"द्या मग," ती म्हणाली.

करंज्याचा अडून बसला. पाचशे जास्त होतात, तो म्हणाला. शंभर द्या, बाकीचे कुठूनही करू. मी म्हटलं, "कुठून?" त्याची बायको उठली आणि माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाली, "भाऊ देतंय तर घे ना. पोरीला काका पायजे का बाप?" मग त्याने मान हलवली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मी मगाशी तुमच्याकरं बघितला..."

"बघितलंस," मी म्हणालो. "गिऱ्हाईकही बघत होतं. ते सोड."

गिऱ्हाइकाने खोकी टेम्पोत चढवली. जाताना वडिलांना वाकून नमस्कार केला आणि मला पुन्हा अंकल म्हणून गेला. कपाटाचा खण रिकामा झाला. पत्नीने त्यात त्याच संध्याकाळी गोधड्या ठेवल्या.

पैसे दिले ते असे. गिऱ्हाइकाचे नऊ हजार, सगळ्या शंभराच्या नोटा. त्यातले साडेचार हजार आणि माझ्या वाट्यातले पाचशे, असे एकूण पाच हजार रुपये, करंज्याच्या माणसाला. प्रत्यक्षात त्याच्या बायकोच्या हातात, कारण हात तिने पुढे केला. माझ्याकडे चार हजार राहिले. ते फ्लॅटच्या हप्त्याला गेले. वडिलांना काही दिलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. तिने नोटा दोनदा मोजल्या, बरोबर पन्नास भरल्या, आणि ती नवऱ्याला म्हणाली, "चल, साडेबाराची एसटी हाय."